उलट्या पुस्तकातली कहाणी

श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी आमच्याकडे सासूबाईच वाचायच्या. झाशीत शेजाऱ्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच लागतो, तरी शेजारच्या भाभी आमच्या शुक्रवारी हातात अक्षता घेऊन हजर. सासूबाईंचा आवाजच तसा गोड.

दोन वर्षांपूर्वी माझं मात्र कहाणीत लक्ष नव्हतं. मुलगी दुसरीत होती. वर्गात वाचायला उभी केली की तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि शाळेची वेळ झाली की रोज पोटात दुखे. मी एम.ए. झालेली, त्यात तापट. "एवढं साधं येत नाही?" म्हणून पुस्तक आपटायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या शुक्रवारी पोर आजीला टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, "आजी, पुस्तक उलटं आहे!"

सगळे हसलो. सासूबाईंनीही हसत पुस्तक फिरवलं, कहाणी पुरी केली. भाभी गेल्यावर मात्र त्या देवापुढून उठेनात. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "मला वाचता येत नाही गं बाळा. आईचं ऐकून ऐकून पाठ झालंय सगळं."

अगं बाई! बारा वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही. लग्नपत्रिका आली की त्या म्हणायच्या, "चष्मा सापडत नाही, तूच वाच." आणि शहाणी मी वाचून दाखवायचे.

"तुलापण येत नाही?" पोरीनं विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

पुढच्याच सोमवारपासून आजी-नात नगरा मोहल्ल्यातल्या बायकांच्या दुपारच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या. तिथल्या दीदी सासूबाईंना 'अम्माजी' म्हणत. शिकवणं हिंदीतून, पण अक्षरं तर तीच. आजीच्या चुका काढायच्या म्हणून नात आधी स्वतः वाचून ठेवायची. घरी बिस्किटाचा पुडासुद्धा दोघी मिळून वाचत. पोर अडखळली की सासूबाई म्हणायच्या, "सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" मी डोकावले की मला हाकलायच्या, "तू जा बघू, तुला बघून आमची अक्षरं पळतात." खरंच होतं ते. मी मुकाट्यानं जायचे. हळूहळू सकाळची पोटदुखी थांबली. पण चारचौघांत वाचायला पोर अजून तयार नव्हती.

यंदाच्या श्रावणात सासूबाईंनी पहिल्यांदा खरोखर वाचून कहाणी सांगितली. एकेक शब्द चाचपत. भाभींच्या मुठीत अक्षता घामेजल्या, पण कुणी हललं नाही. शेवटच्या पानावर त्या अडल्या. अडल्या की मुद्दाम थांबल्या, मी कधी विचारलं नाही. कहाणी तर त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी पुस्तक नातीपुढे सरकवलं.

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घातली.

आणि ती वाचू लागली. दोनदा अडखळली, पण थांबली नाही. पार शेवटपर्यंत वाचलं तिनं.

सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. माझी मूठ तशीच, डोळ्यांतून धारा.

"अगं, वाहा की अक्षता," सासूबाई म्हणाल्या. "वाचली तिनं कहाणी."