मावशींच्या भिंतीवरचं भात

लोणावळ्यात बाजारपेठेमागच्या गल्लीत अब्बांचं पेंटरचं दुकान होतं. चिक्कीची दुकानं, लॉज, रसवंती, सगळ्यांच्या पाट्या आमच्याकडून जायच्या. अक्षराला सावली कशी द्यायची ते मी तिथंच शिकलो. निसर्ग म्हणाल तर लॉजच्या पाटीवर दोन डोंगर, मधे सूर्य आणि एक धबधबा, एवढाच. तो मी बोलता बोलता काढायचो. पुढं फ्लेक्स आले, पाट्या बंद झाल्या आणि मी घरांना रंग द्यायची कामं घेऊ लागलो.

तशाच एका कामाला भाद्रपदात कुरवंड्याला गेलो. नवीन स्लॅबचं घर. मुलगा नवलाख उंबरे गावच्या कंपनीत कामाला, सकाळीच निघून गेलेला. घरात त्याची आई, साठी ओलांडलेली, पाय पसरून पलंगावर बसलेली. दोन खोल्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "पेंटरभाऊ, ह्या समोरच्या भितीवर माजं भाताचं खाचर काढा."

"मावशी, खाचर खाली तर आहे. चार पावलांवर."

"चार पावलं तुमाला. माज्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. डाक्टर म्हनतो, उतार उतरायचा न्हाई. लेक येतो आन सांगतो, भात चांगलं हाय. चांगलं म्हंजी कसं, ते काय त्याला सांगता येत न्हाई."

मी हिरव्याचा डबा उघडला. संध्याकाळपर्यंत भिंतभर भात उभं केलं, मागं नागफणीचा सुळका, वर ढग. हात पुसत मागं सरकलो. मला तर लय आवडलं होतं.

मावशींनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "झ्याक झालंय. पर हे कुनाचंय?"

"तुमचंच की."

"न्हाई वो. माजं असं एकसारकं नसतंय. उद्या उजाडलं की खाली जावा. बसा तितं. घाई करू नका."

खरं सांगतो, राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बांधावर जाऊन बसलो, बरोबर फळीचा एक तुकडा आणि रंगाच्या चार डब्या. जन्म इथं गेला, पण एका जागी बसून भाताकडं मी कधी बघितलंच नव्हतं. फळीवर हिरवा लावायचा आणि ती पातीला टेकवून धरायची. जुळेचना. माझा हिरवा प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसत होता. वैतागून बाजूच्या ओल्या लाल मातीचं बोट त्यात फिरवलं, आणि रंग एकदम खाली बसला, जमिनीला धरून राहिला. फळी पातीवर ठेवली तर ती कुठं संपते तेच कळेना. एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या खाचरातले बगळे उडाले.

मग दिसायलाच लागलं. पाणी साचायचं त्या कोपऱ्यात भात काळसर हिरवं होतं. जांभळाच्या सावलीतलं मागं राहिलेलं, फिकट. बांधावर सोनकी पिवळीधमक. वारा आला की सगळी पाती उलटी व्हायची आणि क्षणभर खाचर रुपेरी दिसायचं. मी तीन सकाळी तिथं बसलो, आणि दुपारी वर येऊन आधीचं चित्र झाकत त्यावर नवं रंगवत राहिलो. मावशी पलंगावरून सांगायच्या, "थोडं पिवळं व्हतं ना तितं? हां, आता आलं बगा."

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला, निघायच्या बेतात असताना, नुकत्याच बाहेर पडलेल्या लोंब्यांवर काहीतरी पांढरं लोंबताना दिसलं. वाकून बघितलं. तिळापेक्षाही बारीक फुलं. मी फळी तिथंच टाकून चढ चढत घरात पळालो.

"मावशी, भाताला फुलं आलीत!"

त्या ताडकन उठून बसल्या. "आज? कुनीकडं? पान्याच्या कोपऱ्यात का जांभळाखाली?"

मी भिंतीवर बोट ठेवलं. "इथं. इथपासून इथपर्यंत."

"मंग इंद्रायनी भात वेळंवर आलं म्हनायचं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. हसत होत्या. "काढा की मग. वाट कसली बगताय?"

ब्रशचे केस कातरून तीन-चारच ठेवले आणि दिवसभर फुलं काढली. तसं सुख मला आजवर कुठल्या पाटीनं दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाव बघायला आलं. खालच्या शेताचे मालक, काठी टेकत आलेले एक आबा, भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"पेंटर, बांध माज्यात आलाय."

"आबा, चित्र आहे हो ते."

"चितार असलं म्हनून काय झालं? उद्या कुनी म्हनंल, भितीवर तर हाय की! दोन हात सरकवलाय."

"दोन हात कुटला? ईतभर!" मावशी पलंगावरून ओरडल्या. घर हसून हसून लोळलं. आबाही हसले, पण जागचे हलले नाहीत. शेवटी मी ब्रश घेतला आणि सगळ्यांच्या साक्षीनं बांध वर सरकवला. मगच त्यांनी चहा घेतला.

नंतरच्या महिन्यात गावात आणखी तीन भिंती मिळाल्या. आता घरं रंगवतोच, पण आठवड्यातले दोन दिवस माझे असतात. स्कूटरच्या पुढं कागद नि रंग ठेवतो आणि निघतो. परवा बेडशाच्या लेण्यांखाली बसलो होतो. एक बाई गवताचा भारा घेऊन जाताना थांबल्या, माझ्या कागदात डोकावल्या आणि म्हणाल्या, "डोंगुर जरा निळा झालाय वो." मी मान वर केली. समोरचा डोंगर खरंच निळा झाला होता, कागदावरचा अजून हिरवाच होता. सरकून त्यांना बसायला जागा दिली.