तिनं न घेतलेलं नाव

लढाईच्या आधी मी मुरबाडच्या कचेरीत कारकून होतो. तेव्हा आलेली वैशाखरे गावची एक बाई अजून डोळ्यांपुढे आहे. नवरा आफ्रिकेत रेल्वेत होता. त्यानं तिला तिकडे बोलावलं होतं, आणि ही त्याचीच बायको, असा दाखला आम्ही द्यायचा होता. त्याचं नाव कागदात होतं, पण ओळख पटायला ते तिच्या तोंडून यायला हवं होतं.

“नवऱ्याचं नाव सांगा,” मी म्हणालो.

“नाय सांगायची. नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य घटंल. मंग तिकडं जाऊन राहू कोनापाशी?”

शेवटी मीच मनाची चार नावं घेतली. ती अंगठ्यानं फरशी घासत राहिली. पाचवं कागदातलं खरं नाव घेतलं, तसा पदर झर्रकन कपाळावर आला.

“पटली ओळख,” मामलेदार हसले. “द्या दाखला.”

ते नाव मला अजून आठवतं. पण इथे लिहिणार नाही. तिनं घेतलं नाही, मी पुन्हा कशाला घेऊ?