पॉलिश कोण करतं

माणिकपूरला आमचा दारं-खिडक्यांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द बिलावर छापलेला. प्रत्यक्षात ती घरामागे चिंचेला लागून घातलेली पत्र्याची लांब शेड होती. तिच्यात एक करवतीचं मशीन, एक रंध्याचं मशीन आणि चार सुतार. वडील आणि काका असे दोघे सख्खे भाऊ मिळून तो चालवत. आजोबांच्या वेळी चर्चचे बाक आणि लग्नातली कपाटं एवढंच काम यायचं. पुढे स्टेशनच्या आसपास इमारती उभ्या राहायला लागल्या आणि बिल्डर एका वेळी साठ-साठ दारं मागायला लागले. त्यांना छापील बिल लागायचं. वडिलांच्या खिशातल्या वहीवर भागेना, तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा अकाउंटंट आला.

तो स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या माळ्यावर बसून वीस-पंचवीस दुकानांचे हिशेब लिहायचा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन बिलांचा गठ्ठा पिशवीत भरून न्यायचा, चहा प्यायचा आणि जाताना म्हणायचा, तुम्ही लाकूड बघा, कागद माझ्यावर सोडा. वडिलांना हे फार सोयीचं वाटे. त्याने पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी ते सही करायचे. असं चार वर्षं चाललं.

मग आयकर खात्याचं पत्र आलं. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते, आणि घरात सरकारी पत्रं वाचायचं काम माझ्याकडे होतं. खात्याला आमच्या मजुरीच्या खर्चाचा तपशील हवा होता, त्यातही पॉलिशच्या मजुरीचा. वडील त्या अकाउंटंटकडून जुन्या पावत्या घेऊन आले आणि मी त्या जेवणाच्या टेबलावर एकेक करून वाचायला बसले. पॉलिशची मजुरी, अमुक माणूस, मिळाले, खाली अंगठा. पुढच्या महिन्यात तोच माणूस, जोडीला आणखी एक. चार वर्षांच्या पावत्या तशाच होत्या. आई भात वाढत होती. ती थांबली आणि तिने विचारलं, "ही माणसं कोण?"

कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे पॉलिश आई आणि काकी करायच्या. सकाळचा स्वयंपाक आटोपला की दोघी शेडच्या मागच्या टोकाला जाऊन बसत. आधी दारावर पॉलिश पेपर मारायचा, मग फडक्याच्या बोळ्याने लाख आणि स्पिरिटचे हात द्यायचे, सुकलं की पुन्हा पेपर, पुन्हा हात. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना लिंबू चोळूनही त्यांच्या बोटांचा तपकिरी रंग जात नसे. या कामाचे कधी कोणी त्यांना पैसे दिले नव्हते आणि त्यांनी मागितलेही नव्हते. स्वयंपाक, धुणं, तसंच हे एक. अकाउंटंटने पाहिलं असणार की पॉलिशचं सामान विकत घेतलं जातंय आणि मजुरी कुठेच नाही. त्याने दोन नावं तयार केली, अंगठे लावले आणि तेवढा नफा कमी दाखवला. पैसे त्याने खाल्ले नव्हते, ते घरातच राहिले होते. आमचा कर मात्र त्याने परस्पर वाचवला होता, आणि सही वडिलांची होती.

वडील त्याच्याकडे गेले तेव्हा तो अजिबात गडबडला नाही. विरारहून दोन माणसं आणतो, ती आयकराच्या साहेबांपुढे सांगतील की पॉलिश आम्हीच करतो, काम संपलं, असं तो म्हणाला. वडिलांनी हे घरी येऊन सांगितलं. काकांना ते पटलं होतं. वडीलही अर्धेमुर्धे तयार झाले होते, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आई म्हणाली, "आणा. पण आधी त्यांच्याकडून एक दार माझ्यासमोर पॉलिश करून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा अकाउंटंट शोधायला सुरुवात केली.

एका बिल्डरने फोर्टातल्या एका मोठ्या चार्टर्ड अकाउंटंटचं नाव सुचवलं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मीही सोबत होते. साहेब भेटले नाहीत, त्यांच्या सहायकाने दहा मिनिटं दिली. त्याने पावत्या चाळल्या आणि सगळं इंग्रजीत समजावलं. मी मराठीत सांगत गेले. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हाही दोन माणसंच उभी करायला सांगतोय. फक्त याची फी जास्त होती. उतरताना वडिलांनी जिन्यात विचारलं, तो नेमकं काय म्हणाला. मी सांगितलं.

तिसरं नाव कामणच्या लाकडाच्या वखारीतून मिळालं. वखारवाले म्हणाले, एक आहेत, पण डोकं खातात. माणूस खाडीकाठच्या शेतकरी घरातला. आधी मिठागरावर हिशेब लिहायचा, नोकरी करता करता परीक्षा देऊन रीतसर करसल्लागार झाला होता आणि आता घराच्या पडवीतच काम करायचा. वडिलांनी निरोप पाठवला.

ते सायकलवर आले. पन्नाशीचे, सडपातळ, पँटला क्लिप लावलेली. वडिलांनी पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला, पाणी मागितलं आणि म्हणाले, आधी काम दाखवा. मग ते एका फळीवर बसले आणि लाकूड ट्रकमधून उतरतं तिथपासून विचारायला लागले. कोण मोजून घेतं, कापतं कोण, भुसा कुठे जातो, तुकडे कोण नेतं. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ते सगळं लिहून घेत होते. त्यांची बोली खाडीकडची, बोलताना ण नाही, न. लिहिताना मात्र अक्षर आणि शुद्धलेखन माझ्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींपेक्षा चांगलं.

दाराला बिजागरी लागेपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, "आनि पॉलिश कोन करतं?"

वडील खाली बघायला लागले. काका म्हणाले, ते घरातच होतं.

"घरात म्हंजे कोन?"

शेडच्या दुसऱ्या टोकाहून आई म्हणाली, "आम्ही दोघी."

त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं, उठून तिथपर्यंत गेले, आणि तिथे उभं राहूनही तसंच सगळं विचारलं. एका दाराला किती वेळ, दिवसाला किती दारं, किती वर्षं. काकी लाजून बोलत नव्हती, आईच उत्तरं देत होती. तिच्या कामाबद्दल इतके प्रश्न तिला कोणी विचारलेले मी पाहिले नव्हते.

परत येऊन त्यांनी वडिलांना सांगितलं की काम घेतो, पण दोन गोष्टी कराव्या लागतील. त्या पावत्या खोट्या आहेत हे साहेबांसमोर कबूल करायचं, जो कर आणि दंड बसेल तो भरायचा. आणि यापुढे जे काम करतात त्यांची नावं रजिस्टरात येतील, त्या दोघींचीही, आणि मजुरी त्यांच्या हातात जाईल.

काकांनी विचारलं, बायकांची नावं घातली तर करात किती सुटतील.

"काय सुटनार नाय," ते म्हणाले. "बायकोला दिलेली मजुरी कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. फायदा नाय. पन मी झालंय तेच लिहितो, दुसरं मला लिहिता येत नाय."

काका उठून मशीनकडे गेले. वडिलांनी होकार द्यायला दोन दिवस घेतले.

ठाण्याला आयकर कार्यालयात आम्ही चौघं गेलो: वडील, नवे अकाउंटंट, आई आणि मी. आईला न्यायचं त्यांनीच ठरवलं होतं. अधिकारी थकलेला, सभ्य माणूस होता. वडिलांनी सांगितलं की या नावाची माणसं नाहीत, कधीच नव्हती. हे वाक्य ते आदल्या दिवसापासून मनात घोळवत होते. अधिकाऱ्याने आईला विचारलं की एक दार तयार व्हायला किती दिवस लागतात. आई म्हणाली, ऊन असलं तर दोन, ढग असले तर तीन. त्याने ते लिहून घेतलं. मग बराच वेळ आमचे नवे अकाउंटंट आणि तो अधिकारी आकड्यांबद्दल बोलत राहिले. शेवटी चार वर्षांचा राहिलेला कर भरायचा ठरला, आणि दंडही, पण वडिलांनी धरला होता त्यापेक्षा कमी. त्या वर्षी घ्यायचं ठरलेलं दुसरं मशीन आम्ही पुढे ढकललं.

यापेक्षा अवघड गोष्ट घरी व्हायची होती. पगाराचा पहिला शनिवार आला. सुतारांनी सह्या करून आपापली पाकिटं घेतली. वडिलांनी आईला पाकीट दिलं. तिने ते घेतलं, सही केली आणि कंबरेला खोचलं, जणू दर शनिवारी घेत आली होती. काकांनी काकीचं पाकीट कामाच्या बाकावर ठेवलं आणि चहाला निघून गेले. काकीने ते उचललं नाही. ती हातातलं दार संपवून घरात आली.

पाकीट रविवारी तिथेच होतं, सोमवारीही. सुतार त्याच्या बाजूने लाकूड सरकवत होते, कोणी हात लावला नाही. बुधवारी अकाउंटंट आले आणि सहीची जागा रिकामी पाहून त्यांनी कारण विचारलं. काकांचा आवाज चढला. स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोला मी पगार वाटू का, आणि पैसे दिले नाहीत असं कोण म्हणतंय, ते काय समोर ठेवलेत, असं ते म्हणाले. अकाउंटंटनी वाद घातला नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं. ठेवलेले आणि दिलेले यात फरक आहे, तिने घेतले की लिहीन, एवढं सांगून ते सायकल घेऊन गेले.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून लवकर आले होते. काका बाकावरचं पाकीट घेऊन मागच्या टोकाला गेले. काकी एका दाराच्या मधल्या फळीवर हात देत होती. मध्येच हात थांबवला की डाग राहतो, हे सुताराला सांगावं लागत नाही. काका उभे राहिले, फळी पूर्ण होईपर्यंत. मग काकीने बोटं स्पिरिटने पुसली, पदराला कोरडी केली आणि हात पुढे केला. काकांनी पाकीट तिच्या हातात दिलं. मी रजिस्टर धरलं. काकीने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि त्याला वेळ लागला. काका तोवर तिथेच होते. मग ते म्हणाले की दाराचा खालचा कोपरा कोरडा दिसतोय. काकी म्हणाली, माहीत आहे, त्याला अजून एक हात द्यायचाय.

पुढच्या बुधवारी अकाउंटंट आले तेव्हा काकांनीच रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं आणि तारीख त्या पगाराच्या शनिवारची टाका म्हणाले, सगळ्यांची एकच दिसेल. अकाउंटंटनी चष्मा लावला, काकीची सही पाहिली, मला विचारलं की पैसे कोणत्या वारी दिले. मी सांगितलं. त्यांनी तिच्या नावासमोर गुरुवारची तारीख टाकली.