राखेतली सदाफुली

काल कुंडीतली सदाफुली छाटताना बोटांना तिचा कडवट वास लागला आणि मी थेट बेल्लमपल्लीतल्या आमच्या क्वार्टरच्या परसात जाऊन पोचले.

बाबा नुकतेच कोळशाच्या खाणीत लागले होते. आई मुधोळकडच्या खेड्यातली. गावी ती चुलीतली राख मिरचीच्या बुडाशी टाकायची, तशीच इथं तिनं शेगडीतली टाकली. पण ही दगडी कोळशाची राख. मिरची करपली, झेंडूही गेला. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड. आई चिडून म्हणाली, "इथं काईच जगत नाई. मी पोरीले घेऊन गावाले जातो." तिनं गाठोडंही बांधलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले ते काळ्या तोंडानंच परसात गेले आणि तिथून त्यांनी आम्हाला हाक मारली. राखेच्या ढिगात वीतभर सदाफुली उभी होती, दोन गुलाबी फुलांची.

"हे कोनं लावलं?" आईनं विचारलं.

"कोन काऊन लावीन? आपल्यानंच उगवली."

खालच्या पानावर कोळशाच्या बोटाचा काळा ठसा होता. मी सांगणार, तेवढ्यात आईनं पदरानं ते पान पुसलं. मग एक फूल खुडून तिनं बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि गाठोडं सोडलं.

ती सदाफुली त्या राखेत कितीतरी उन्हाळे फुलली. मी तिथल्याच शाळेत शिकले, शिक्षिका झाले. आज त्या दोघांना हात जोडावेसे वाटतात. तेव्हा मला वाटलं होतं, आई नुसती धूळ पुसतेय.