कोळवणच्या फाट्यावरचा राजदूत

कोळवणच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथे, गेल्या आठवड्यात एक फ्लेक्स लागला. एका बाजूला माझ्या शेजाऱ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला बंद गळ्याच्या कोटातला मी. मध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलंय की माजी राजदूतसाहेबांच्या अथक प्रयत्नांमुळे गावचा सुपुत्र परदेशातल्या कैदेतून सुखरूप परतला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात साहेबांचा जाहीर सत्कार.

रोज सकाळी फिरायला म्हणून निघतो आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. फार्महाउसवर जाणारे पुण्याचे लोक गाडी हळू करून वाचतात. काल एकाने काच खाली करून मला नमस्कार केला. मीही केला. घरी आलो, चहा घेतला, पेपर उघडला, मिटला आणि पुन्हा फाट्यावर गेलो.

मुलगा परत आला, एवढंच त्या फ्लेक्सवरचं खरं आहे. सुखरूप नाही आला, आणि माझ्यामुळे तर नाहीच. सत्काराच्या आधी हे लिहून काढायला हवं.

मी राजदूत कधीच नव्हतो. परराष्ट्र खात्यात कारकून म्हणून लागलो, सहायक म्हणून निवृत्त झालो. तीन देशांत राहिलो आणि तिन्हीकडे बहुतेक वर्षं दूतावासाच्या खिडकीवर बसलो. जाड काच, तिच्या तळाशी हात जाईल एवढं भोक. त्यातून पासपोर्ट आत यायचे, पावत्या बाहेर जायच्या. पलीकडे आपले गवंडी, फिटर, घरकाम करणाऱ्या बायका. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलाय, पगार नाही, भाऊ वारलाय, जायचंय. मी म्हणायचो, "बघतो." पुढचा माणूस यायचा.

आमच्या बैठकीत एक फोटो आहे. परदेशातला स्वातंत्र्यदिन. राजदूतांनी दोरी ओढली, झेंडा अर्ध्यावर अडकला, मी धावत जाऊन गाठ सोडवली आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. म्हणून दोरी माझ्या हातात आहे आणि राजदूत बाजूला माझ्याकडे बघत उभे आहेत. कोट त्या दिवशी सगळ्याच कर्मचाऱ्यांना घालावा लागायचा. निवृत्तीनंतर गावी घर बांधलं. वास्तुशांतीला आलेल्या एकानं तो फोटो पाहून विचारलं, "झेंडा तुमीच चढवला व्हय?"

"त्या दिवशी मीच," मी म्हणालो.

महिन्याभरात मी राजदूतसाहेब झालो. मी कुणाला तसं सांगितलं नाही. कुणाला नाही म्हणूनही सांगितलं नाही. बायको तेवढी घरात टोमणे मारायची. "राजदूतसाहेब, सिलिंडर संपलाय. वरच्या पातळीवर बोलून घ्या."

दूध डेअरीच्या कट्ट्यावर माझा वर्ग भरायचा. टीव्हीवर कुठे लढाई पेटली की लोक विचारायचे, "साहेब, आपलं काय ठरलंय?" मी दूतावासाच्या पत्रकांतली वाक्यं मराठीत सांगायचो. परिस्थितीवर आपलं लक्ष आहे. दोन्ही बाजूंशी बोलणं चालू आहे. लोक माना डोलवायचे. एक म्हातारा एकदा म्हणाला, "म्हंजी काय बी ठरल्यालं न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, कारण त्याचंच बरोबर होतं.

गणपती उठले होते, भात पोटरीत आलं होतं, तेव्हा शेजारी नवरा-बायको सकाळीच दारात आले. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरचं काम म्हणून एजंटामार्फत बँकॉकला गेला होता. तिथून त्याला गाडीत घालून एका नदीपलीकडे, शेजारच्या देशात नेलं. उंच भिंतीचं आवार, दारावर बंदूकवाले. आत शेकडो पोरं फोनवरून जगभरच्या लोकांना फसवायच्या कामाला जुंपलेली. कुणाच्या तरी मोबाइलवरून त्यानं बहिणीला निरोप पाठवला होता, सोबत फाटकाचा फोटो.

शेजारी खुर्चीवर बसेना. उभ्यानंच म्हणाला, "साहेब, पोरगं फसलंय."

"लई मारत्यात म्हनं," त्याची बायको म्हणाली.

"तुमी निस्ता एक फोन टाका. तुमच्या शब्दाला वजन हाय तितं."

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. वजन असतं. एका छोट्या देशात आपण बसगाड्या भेट दिल्या होत्या. त्या समारंभाच्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या. भाषणांत दोन्ही बाजूंनी मैत्रीचे गोडवे गायले गेले. त्याच आठवड्यात खिडकीवर एक गवंडी रडत उभा होता, त्याचा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला. राजदूतांनी जेवताना तिथल्या मंत्र्याच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट आला. पण तो शब्द राजदूताचा होता, आणि समोर ऐकणारा मंत्री होता. नदीपलीकडच्या त्या पट्ट्यात तिथल्या सरकारचाच हुकूम चालत नाही. आपला दूतावास त्यांच्या परराष्ट्र खात्याला लिहिणार, ते लष्कराला विचारणार, लष्कर हात वर करणार. मग नदीच्या अलीकडच्या, म्हणजे बँकॉकच्या देशामार्फत दाब आणायचा. त्यासाठी आपले किती लोक, कुठल्या आवारात, कुठल्या पासपोर्टवर, हे ठामपणे सांगता यावं लागतं. ज्याची तक्रार नाही, तो माणूस सरकारच्या लेखी तिथे नसतोच.

हे सगळं मला माहीत होतं. त्याच बैठकीत, त्याच मिनिटाला मी सांगू शकत होतो की आधी तक्रार नोंदवा, फाटकाचा फोटो जोडा, उशीर करू नका. पण मग तो म्हणाला असता, "ते करतो, पन फोन तुमी टाकताय ना?" आणि मला सांगावं लागलं असतं की तिथे मला कुणीही ओळखत नाही.

मी म्हणालो, "बघतो."

आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. माझ्याबरोबर खिडकीवर बसणारा एक मित्र पुढे दिल्लीत बदलून गेला होता, त्याचा जुना नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई हिंदीत सांगत राहिली. मी ते बराच वेळ ऐकलं. बाहेर आलो आणि म्हणालो, "बोलणं झालंय. पण गाजावाजा करू नका. अशी कामं शांतपणे करावी लागतात."

बायकोनं चहाचा ट्रे असा आपटला की चहा बश्यांत सांडला. शेजारी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं.

त्यानंतर तो रोज डेअरीवर विचारायचा, "काय हालचाल, साहेब?" मी सांगायचो, वर विषय गेलाय, आणि किटली न भरताच घरी यायचो. बायको विचारायची, "दूध कुठंय?" परत जायचो. मित्राचा नवा नंबर शोधला, मिळाला नाही. दूतावासाचा पत्ता मोबाइलवर काढला, तक्रार लिहायला बसलो. 'तुमचे नाते' असा रकाना आला. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून मोबाइल ठेवून दिला. 'शेजारी' असं लिहिता आलं असतं. तेवढंही लिहिलं नाही.

भात कापणीला आलं. एका दुपारी शेजाऱ्याची मुलगी स्कूटी घेऊन आमच्या अंगणात शिरली. मुलाची थोरली बहीण, लग्न होऊन बावधनला असते, तिथल्या एका सोसायटीच्या ऑफिसात काम करते. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली.

"काका, तुम्ही कुणाशी बोललात? मला नाव सांगा."

"तसं नाव सांगता येत नाही."

"मी आज दूतावासाला फोन केला. त्यांच्याकडे माझ्या भावाची नोंदच नाहीये. मी तेव्हाच पोलिसांत जाणार होते. कागद तयार होते माझे. बाबा म्हणाले, साहेबांनी गाजावाजा नको म्हणून सांगितलंय. आणि आता तो त्या फाटकात नाहीये. ज्याच्या मोबाइलवरून निरोप आला होता त्यानं कळवलं, दुसरीकडे नेलाय."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय?"

"काका, तुम्ही तिथं नक्की काय होता?"

"खिडकीवर होतो," मी म्हणालो. "पासपोर्टच्या. कारकून."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं हेल्मेट पायरीवर ठेवलं, शेजारी बसली आणि मोबाइल काढला. मग म्हणाली, "मग त्या खिडकीवर काय लागतं, ते तरी सांगा."

ते सांगितलं. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही. रडगाणं लिहू नकोस, ते कुणी वाचत नाही. कधी उतरला, कुणी नेला, शेवटचा ठिकाणा. पासपोर्ट काढून घेतला असेल तर परतीचा तात्पुरता दाखला लागेल, तो आत्ताच मागून ठेव. तिनं सगळं मोबाइलवर टिपलं. जाताना म्हणाली, "बाबांना इतक्यात सांगू नका. तुमच्या नावावर झोप लागते त्यांना."

ती त्याच दिवशी कामाला लागली. सोलापूरकडच्या एका मुलाच्या घरच्यांना तिनं शोधून काढलं. तो मुलगा त्याच नव्या आवारात होता, तिथून ठिकाणा कळला. दूतावासात ती इतके फोन करायची की तिथला माणूस आवाजावरून ओळखायला लागला. आमदाराच्या ऑफिसात जाऊन बसली. अलीकडच्या देशानं दाब आणला, काही आवारं उघडली, आणि आपल्या सरकारनं विमान पाठवलं, तेव्हा त्यात बसणाऱ्यांच्या नावांत तिच्या भावाचं नाव होतं. मी तिला तीन-चार वेळा कागद तपासून दिले. बाकी मी घरात येरझारा घातल्या.

जानेवारी लागल्यावर मुलगा आला. एक दिवस एकटाच माझ्याकडे आला. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. डावखुरा असून कप उजव्या हातानं उचलला. मी विचारलं, दुसरीकडे का नेलं होतं?

"महिन्यातून एकदा घरी फोन करू द्यायचे," तो म्हणाला. "शेजारी मुकादम उभा. हिंदीवाला होता. फोन स्पीकरवर. बाबा म्हणाले, घाबरू नको, आपल्या राजदूतांनी वर सांगितलंय. राजदूत शब्द त्याला कळला. त्याच दिवशी हलवलं. तिथं पहिल्या दिवशीच हे केलं." त्यानं बोटं दाखवली. मग घाईनं म्हणाला, "तुम्ही प्रयत्न केला म्हणून म्हणतोय काका, तुमची चूक न्हाई त्यात."

मी त्याचा कप उचलून आत ठेवायला गेलो. तो गेला, आणि त्याच आठवड्यात फ्लेक्स लागला. शेजाऱ्यानं स्वतः छापून आणला होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सत्कार नको असं मी सरपंचांना कळवलं. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

आज सकाळी फाट्यावरून परत आलो तर शेजारी माझ्या अंगणात उभा. बरोबर ताम्हिणीकडचे एक नवरा-बायको. तिथे त्यांचा लहानसा ढाबा आहे. फ्लेक्स वाचून आले होते. त्यांचा जावई तसाच कुठे तरी अडकलाय. शेजारी मोठ्या ऐटीत म्हणाला, "ह्यांचं बी करा साहेब. ह्यांना म्या सांगितलंय, एका फोनचं काम हाय."

ती बाई पदर सावरत पुढे आली. "राजदूतसाहेब तुमीच ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी राजदूत नव्हतो. पासपोर्टच्या खिडकीवर कारकून होतो. फोन करून काही होणार नाही, मला तिथे कुणी ओळखत नाही. पासपोर्टची झेरॉक्स आणलीय का? आजच तक्रार करायची. आजच."

ती गोंधळून शेजाऱ्याकडे बघायला लागली. शेजारी हसला. "साहेब, मस्करी करताय व्हय."

"मस्करी नाही."

"मग आमचं पोरगं कुनी आनलं?"

"तुमच्या मुलीनं."

"आन् तवा आत जाऊन फोन केला व्हता, तो?"

"लागला नव्हता. बोलणं झालं, हे मी खोटं सांगितलं. आणि ते खोटं तुम्ही फोनवर पोराला सांगितलंत, म्हणून त्याला तिथून हलवलं. बोटांचं जे झालं, ते त्यामुळे झालं."

शेजाऱ्यानं टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "म्हंजी म्या फोनवर बोललो म्हून," एवढंच म्हणाला.

"तुम्ही नाही. मी."

तो माझ्याकडे न बघता कुंपणाच्या फटीतून हरभऱ्याच्या वावरात उतरला आणि घराकडे गेला. त्या सगळ्याचा दोष मला स्वतःवर घ्यायचा होता. तो अर्धा मी त्याच्याच अंगावर टाकला, हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी मागे जायला निघालो. बायको म्हणाली, "आत्ता नको. ही माणसं बसलीत."

मी बसलो. जावयाचं नाव पासपोर्टवर जसं होतं तसं वाचून दाखवलं, कुठल्या विमानानं गेला, शेवटचा निरोप कधी आला, ते विचारलं. 'तुमचे नाते' या रकान्यात त्या बाईनं 'सासू' लिहिलं. तिला काहीच विचार करावा लागला नाही.

दुपारी बावधनहून फोन आला. शेजाऱ्याची मुलगी.

"काका, बाबांना सांगितलंत?"

"हो."

"ते तुम्हाला शिव्या देतायत. फ्लेक्स काढायला विळा घेऊन गेलेत. आईला म्हणाले, त्या दारात परत पाय ठेवायचा न्हाई. मला विचारत होते, तू का लपवलंस." तिचा आवाज बसला होता. "त्यांच्याशी बोलायला जाऊ नका आज."

"उद्या जातो."

"उद्या बघू." मग म्हणाली, "ताम्हिणीचे कुणी आले होते म्हणे. त्यांचे कागद बघितलेत?"

"बघितले. पासपोर्टचं शेवटचं पान नाहीये. जन्मतारीख पण आधार कार्डाशी जुळत नाही."

"मग मला पाठवा," ती म्हणाली. "आत्ता."