आभा मासीमांचं कडं

भाग्यश्री साठ्ये म्हणजे शिस्तीची बाई. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे पुणं सोडून कोलकात्याला आली आणि सॉल्ट लेकमधल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात एमआरआय चालवू लागली. आतला चुंबक कधी झोपत नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कानीकपाळी ओरडून सांगे. किल्ली, नाणं, पिन, काही म्हणून आत न्यायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनाही तिने मनगटावरच्या घड्याळासाठी दारातून परत पाठवलं होतं. आणि अहो, अशा बाईच्या हातून हे व्हावं!

त्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ बराकपूरहून आपल्या बायकोला, आभा मासीमांना, घेऊन आले; मासीमा म्हणजे बंगालीत मावशी. त्यांचे पाय सकाळपासून लुळे पडले होते. मणक्यात नस कुठे दाबली गेलीय ते कळल्याशिवाय ऑपरेशन करता येईना, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जाणार. भाग्यश्रीने त्यांच्या कानातलं, गळ्यातलं सगळं उतरवलं. मनगटात शंखाची पांढरी बांगडी, लाखेची लाल बांगडी आणि एक सोन्याचं कडं होतं. साबण लावला, तेल लावलं, पण सुजलेल्या हातातून कडं काही निघेना.

“सोन्याचंच ना?” तिने विचारलं.

“सोन्याचंच.”

सोन्याला चुंबक ओढत नाही. चला, म्हणाली भाग्यश्री.

टेबल आत सरकलं आणि मासीमांचा हात आपोआप वर उचलला गेला. काय ती किंकाळी! कडं यंत्राकडे झेपावत होतं आणि मनगट त्याच्यामागे ओढलं जात होतं. टेबल मागे घेत भाग्यश्रीने तो हात छातीशी दाबून धरला आणि मासीमांना कसंबसं बाहेर आणलं. सोनं कधी असं धावतं?

“आत लोखंड आहे,” मासीमा हुंदके देत म्हणाल्या. “लोखंडावर सोनं मढवलंय. सासूबाईंनी लग्नात घातलेलं, सवाष्णीचं लेणं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.”

पण पुण्याच्या बाईला कोण सांगणार? आणि हिने तरी खोदून विचारायला नको? भाग्यश्रीला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

“मासीमा, कापावं लागेल हो.”

“हे जिवंत असताना? पाय गेले तर जाऊ देत!” मासीमांनी मूठ घट्ट आवळली. नर्सने समजावलं, डॉक्टर रागावले, पण त्या बधेनात. मग अचानक त्यांनी भाग्यश्रीकडे रोखून पाहिलं. “तुमच्यात काय घालतात गं?”

“मंगळसूत्र.”

“कुठाय?”

“कपाटात. या खोलीत शिरायचं म्हणून रोज काढून ठेवते.”

“रोज?” मासीमांचं रडणंच थांबलं. “आणि नवरा?”

“बँकेत आहेत. आत्ता डबा खात असतील.”

मासीमा आ वासून बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि मान भिंतीकडे वळवली. पकडीखाली कडं तुटलं. सोन्याच्या आतून काळं लोखंड दिसलं.

“आता आटप लवकर,” त्या म्हणाल्या. “हे बाहेर एकटेच बसलेत.”