काळ्या पट्टीखालचा चेहरा

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात फोटोग्राफरची नोकरी लागली. त्याआधी मी सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत रिटचिंग करायचो. लग्नाच्या मुलींचे फोटो निघायचे आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून मी त्यांचे चेहरे उजळ करून द्यायचो. दवाखान्यात ते चालणार नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी रुजू झालो त्याच दिवशी बजावलं, "आहे तसं दिसलं पाहिजे. इथे कुणाला सुंदर दिसायचं नाही."

माझी खोली कातडीच्या विभागाला लागून होती. उत्तरेकडे खिडकी, भिंतीवर राखाडी चादर, कोपऱ्यात कपडे काढायला पडदा. पेशंट उघडे उभे राहायचे आणि मी समोरून, बाजूने, पाठीकडून फोटो घ्यायचो. बाईमाणूस असलं की एक म्हातारी आया सोबत असायची. प्रिंट वाळल्या की प्रत्येकाच्या डोळ्यांवर मी काळ्या शाईची पट्टी ओढायचो, ओळख पटू नये म्हणून. सुरुवातीला मला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं आणि त्याचंच जास्त वाईट वाटायला लागलं.

ती बाई भिवापूरकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. तिशीची असेल. ओठाच्या कडेला, बोटांच्या टोकांना आणि पाठीवर कोड उठलं होतं. ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं होतं, असं आयाने मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी डागांवर लावायला औषध दिलं होतं. ते लावून उन्हात बसायचं आणि दर काही महिन्यांनी फोटो काढून घ्यायचा, कमी होतंय का ते कळावं म्हणून. आमच्याकडचं ऊन! ती यायची तेव्हा पाठीवर पाण्याने भरलेले फोड असायचे.

पहिल्या वेळी ती पडद्याबाहेर यायलाच तयार नव्हती. आया म्हणाली, "ये वं बाई. या फोटोवाल्याले माणूस दिसतच नाई, निस्ते डाग दिसते."

आयाने ते धीर द्यायला म्हटलं होतं. मला मात्र ते लागलं.

पुढच्या खेपेला बाईने फोटो पाहायला मागितले. नियमात बसत नव्हतं, पण मी दाखवले. तिने ते बराच वेळ हातात धरले.

"डोळे झाकले आणि बाकी सगळं उघडं ठेवलं," ती म्हणाली. "भाऊ, उलटं नको होतं करायला?"

मी म्हटलं, ओळख पटू नये म्हणून असं करतात.

"ते बरोबर आहे. पण आता मलाही पटत नाही."

असं चारपाच वर्षं चाललं. डाग कमी झाले नाहीत. माझेच फोटो एकापुढे एक ठेवले की ते कसे पसरत गेले ते दिसायचं. गळा, पोट, मांड्या. शेवटी एकदा ती म्हणाली की आता औषध बंद, उन्हात बसणंही बंद. "पण एक फोटो माझ्यासाठी काढा. असाच. फक्त डोळे राहू द्या."

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काढा, पण दवाखान्याच्या फिल्मवर नको." मी स्वतःची फिल्म आणली. आया होतीच. बाई स्टुलावर बसली, गुडघे जुळवून, हात मांडीवर. मी सवयीने उभं राहायला सांगणार होतो, पण थांबलो. वर्गात गोंगाट असला की मास्तरीण काही न बोलता पोरांकडे बघत राहते, तशी ती लेन्सकडे बघत होती. मला शटर दाबायला वेळ लागला. इतक्या वर्षांत समोरून कुणी मला बघतंय असं पहिल्यांदा वाटलं होतं.

तो फोटो माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो. पोटावरचे पांढरे डाग, मधली सावळी कातडी, आणि वर तो चेहरा. त्यात काहीही झाकलेलं नव्हतं आणि तरी कुणी तिला उघडं पाडलं असं वाटत नव्हतं.

त्यानंतर मी तसे फोटो काढू लागलो. दवाखान्यातून बरे होऊन, किंवा न होता, घरी जाणाऱ्यांना विचारायचो. बहुतेक जण नाही म्हणत. काही जण मात्र माझ्या घरी यायचे. शस्त्रक्रियेत एक स्तन गेलेली एक आजी आली. अंगभर भाजलेला एक खानावळीतला आचारी आला. आमच्या पुढच्या खोलीत मी तीच राखाडी चादर टांगायचो. बायकोने पहिल्यांदा प्रिंट दोरीवर वाळत घातलेल्या पाहिल्या तेव्हा मला वाटलं, आता घरात वादळ. ती एकेक फोटो बघत दोरीच्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "अहो, यांना थंडी वाजत नाही का?" तेव्हापासून हिवाळ्यात कुणी आलं की ती खोलीत शेगडी पेटवून ठेवायची आणि आजींसारखं कुणी असलं तर स्वतः बसायची.

ऐंशीच्या आसपास चित्रकलेतल्या ओळखीच्या लोकांनी एका छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन लावू म्हटलं. मी प्रत्येकाची परवानगी घेतली. बाईला विचारायला तिच्या गावी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात तिने एवढंच विचारलं, "चेहऱ्यासकट लावाल ना?"

"हो."

"मग लावा. इथलं कोण येतंय बघायला?"

पण तिकडचा एक माणूस आला. कोर्टाच्या कामाने नागपुरात आला होता, पाऊस लागला म्हणून हॉलमध्ये शिरला. तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मास्तरीणबाईने नागपुरात नागडे फोटो काढून घेतले, एवढंच लोकांनी ऐकलं. फोटो कसा होता हे त्या एका माणसाखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. आईबापांनी तिच्या वर्गातून पोरं काढली. शाळेने तिला नोकरीवरून काढलं नाही. तालुक्याच्या ऑफिसात कारकुनी कामाला बसवलं, ते तिला नोकरी जाण्यापेक्षा वाईट होतं. हॉलवाल्यांनी प्रदर्शन आवरायला लावलं. दवाखान्याने माझ्याकडून कॅमेरा काढून घेतला आणि मला औषधांच्या कोठारात टाकलं.

मग तिचा मोठा भाऊ आमच्या घरी आला. मी मार खायच्या तयारीत होतो. तो खुर्चीवर बसला, टोपी काढून हातात धरली आणि रडायला लागला.

"भाऊ, माह्या पोरीले पाहाले आले होते. पसंत करून गेले होते. आता नाई म्हणून राहिले. पोरीचा काय कसूर सांगा? मले ते निगेटिव देऊन टाका."

मी म्हटलं, "फोटो तुमच्या बहिणीचा आहे. तिने सांगितलं तर देईन."

"तिले इचारलं तं काहून देईन थे?"

पण ती पुढच्याच आठवड्यात त्याला सोबत घेऊन आली. बायकोने चहा केला, तो तिने संपवला. मग म्हणाली, "द्या भाऊ. भाचीचं लग्न होऊ द्या."

मी निगेटिव्ह आणि प्रिंट आणून तिच्या हातात दिल्या. तिने भावाला दिल्या नाहीत. स्वतः स्वयंपाकघरात गेली, बायकोला शेगडी मागितली आणि एकेक करून टाकल्या. फिल्म जळताना उग्र वास येतो. तो घरात दोन दिवस राहिला. बाकीच्यांचे फोटोही मी नंतर पेटीत बांधून ठेवले आणि तसे फोटो पुन्हा काढले नाहीत.

कोठारातली नोकरी मी फार काळ केली नाही. व्हिडिओ नवीन आला होता. एका ओळखीच्याबरोबर भागीदारीत मी लग्नाच्या कॅसेटी काढायला लागलो. खांद्यावर जड कॅमेरा, डोळ्यांत जाणारा हॅलोजन आणि त्या उजेडात ओळीने हसणारे पाहुणे. काम वाईट नव्हतं. पण दिवसभर माणसं बघूनही कुणी दिसल्यासारखं वाटायचं नाही, आणि मी घरी येऊन नुसता पडून राहायचो.

अशात एका दुपारी दारात एक गोरीपान बाई उभी. मी ओळखलंच नाही. तिने हाक मारली तेव्हा आवाजावरून कळलं. कोड सगळ्या अंगावर पसरलं होतं. सावळी कातडी कुठे उरलीच नव्हती.

"बसमध्ये लोक माझ्याशी हिंदीत बोलतात," ती म्हणाली. "एकाने विचारलं, आप पारसी हो क्या? मी हो म्हटलं." ती हसली नाही.

भाचीचं लग्न झालं होतं. त्यात तिला बोलावलं नव्हतं. ते तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला म्हणाली, "फोटो मुका होता. लोकांनी पाहिजे ते बोलून घेतलं. आता तुमच्याकडे बोलणारा कॅमेरा आहे ना? मला बोलायचंय."

पुढच्या खोलीत खुर्चीवर ती नेसत्या पातळानिशी बसली. हॅलोजन लावला नाही, खिडकी होती. ती तिच्या आईबद्दल बोलली.

"आई मला घरामागे पाटावर बसवायची. मधूनमधून वळवायची, पापड वळवतात तशी. फोड आले की खोबरेल लावायची. मी विचारायची, कमी झालं का वं? ती म्हणायची, झालं थोडं. ती खोटं बोलते हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. जायच्या आधी तिने माझा हात डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, आता बिलकुल दिसत नाही वं. तिला डाग दिसत नव्हते की काहीच दिसत नव्हतं, मी विचारलं नाही."

ती पुष्कळ बोलली. शाळेबद्दल, काढून नेलेल्या पोरांबद्दल, ऑफिसातल्या वेगळ्या ठेवलेल्या कपाबद्दल. कॅसेट संपली तेव्हा मी तसं सांगितलं, पण ती थांबली नाही, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मी कॅमेरा खांद्यावरून उतरवला नाही. जाताना म्हणाली, "भाचीला दाखवा कधी. तिने मागितली तर."

दीड वर्षाने ती काविळीने गेली. मला उशिरा कळलं. तेराव्याला मी कॅसेट घेऊन गेलो. भावाने मला ओळखलं, मान हलवली आणि पंगतीत बसवलं. जेवणं झाल्यावर विहिरीजवळ एक तरुण मुलगी कडेवर लेकरू घेऊन माझ्याकडे आली.

"तुम्ही ते फोटोवाले काका ना? आत्याने तुमच्याकडे काही भरून ठेवलंय म्हणतात."

मी पिशवीतून कॅसेट काढली. तिने ती घेतली नाही. "आमच्याकडे व्हीसीआर नाही. असता तरी सासरी लावता आली नसती. तुम्हीच सांगा ना काका, काय बोलली आत्या?"

मी आयुष्यभर माणसांकडे काचेतून पाहिलं. कुणाला कधी गोष्ट सांगितली नव्हती. विहिरीच्या काठावर बसून मी सांगायला लागलो. पाट, खोबरेल, मोतीबिंदू, सगळं अडखळत. कुठे बाईचे शब्द आठवायचे, कुठे माझेच यायचे. मुलगी ऐकत होती. लेकरू तिच्या पदराशी खेळत होतं. आईने हात डोळ्यांजवळ धरल्याची गोष्ट सांगून मी शाळेकडे वळलो तोच घरातून तिला हाक आली. भांडी घासायची होती.

"फोटोचं सांगायचं राहिलं," मी म्हटलं.

"मी येते परत," ती म्हणाली आणि आत गेली. मी ऊन उतरेपर्यंत थांबलो. तिला बाहेर येता आलं नाही. दोनदा दारात दिसली, हातात परात होती. मग शेवटच्या गाडीची वेळ झाली, आणि कॅसेट पिशवीत तशीच घेऊन मी भावाला सांगून निघालो.